पाणसऱ्याचे बत्तीस डास

"नळी द्या इकडं, मी बघते," ती म्हणाली, आणि आमच्या ह्यांनी तोंडातली नळी काढून सरळ तिच्या हातात दिली की हो!

मी गोठ्याच्या दारात वैरणीची पेंढी घेऊन उभी होते. सकाळचे सहा वाजले असतील. आत आमची म्हैस, म्हशीच्या मागं हे, आणि ह्यांच्या खांद्याला खांदा लावून पुण्याची देवस्थळी मॅडम, दोघं मिळून भिंतीवर टॉर्च मारत होती. ती नळी म्हणजे पुढं वीतभर काच आणि मागं लांब रबर. रबराचं टोक तोंडात धरायचं. भिंतीवर डास दिसला की काच त्याच्यावर अलगद टेकवायची आणि श्वास आत ओढायचा. डास काचेत येतो. मध्ये जाळीचा तुकडा असतो म्हणून तोंडात जात नाही, नाहीतर ह्या नोकरीत कोण टिकलं असतं? तर ते टोक ह्यांच्या तोंडातनं निघालं आणि तिच्या तोंडात गेलं. पदर नाही, रुमाल नाही, तिनं ते पुसलंसुद्धा नाही.

लग्नाच्या पाचव्या दिवशी सासूनं मला ह्यांच्या उष्ट्या ताटात जेवायला बसवलं होतं. नवऱ्याचं उष्टं हा बायकोचा मान असतो म्हणाली. आणि इथं एक परकी बाई माझ्याच गोठ्यात, माझ्याच म्हशीदेखत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेंढी म्हशीपुढं अशी आदळली की म्हैस दचकली आणि भिंतीवरचे चार डास उडाले.

"अगं ए, हळू!" हे माझ्यावर खेकसले. "मॅडमचे डास उडाले की!"

मॅडमचे डास म्हणे. गोठा माझा, म्हैस माझी, शेण मी काढायचं आणि डास मॅडमचे.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांमागची. आमचे मालक, हिंदुराव खोराटे, हिवताप खात्यात कीटक समाहारक होते. म्हणजे सरकारी पगारावर डास धरणारा माणूस. पहाटे गोठ्यागोठ्यातनं हिंडायचं, डास धरायचे, मोजायचे आणि तालुक्याला पाठवायचे. गावानं नाव पाडलं होतं डासमास्तर. आमचं गाव घाटाच्या अगदी काठावर. परड्यात उभं राहिलं की खाली कोकण दिसतं. त्या सालच्या श्रावणात देवस्थळी मॅडम जीप घेऊन आल्या. तीन गावं घाटावरची आणि तीन घाटाखालची, सहाही ठिकाणचे मलेरियाचे डास त्यांना हवे होते. खात्यानं सांगितलं, खोराटे बरोबर राहतील.

खोराटे असे बरोबर राहिले की दुसऱ्या दिवसापासनं रोज दाढी व्हायला लागली. दिवाळीचा इस्त्रीचा शर्ट श्रावणात निघाला. घरात यायचं ते मॅडमचंच नाव घेऊन. मॅडम नुसत्या पंखावरनं डासाची जात ओळखतात. मॅडमचा हात काय हलका. मॅडमनी विचारलं, खोराटे, तुमचं काय मत? अठरा वर्षांत मी ह्यांना त्यांचं मत विचारलं नव्हतं ही माझी चूकच झाली म्हणायची.

शेजारची गौराक्का तर टपलेलीच. म्हणाली, "मालन, जीपमध्ये पुढं बसून चालली होती गं दोघं."

"आणि ड्रायव्हर कुठं बसला होता?"

"होता की तोबी. पर त्यो काय माणसांत धरायचा?"

दुपारी मॅडम आमच्यातच जेवायला असायच्या. चुलीपुढं पाटावर बसायच्या, भाकरी मागून घ्यायच्या, ठेचा खाऊन नाक पुसायच्या. नखरा नव्हता बाईला, तेच तर मला खुपायचं. नखरे असते तर नावं ठेवायला बरं पडलं असतं.

एके दिवशी जेवताना त्यांनी आपण होऊन सांगितलं. "वहिनी, वरचा डास आणि खालचा डास दिसायला एकच आहे. पण खाली औषध फवारलं तरी तो मरत नाही, आणि तुमच्याकडं मरतो. मला वाटतं मध्ये एवढा घाट आहे म्हणून. इकडचा तिकडं जात नाही, तिकडचा इकडं येत नाही. पिढ्यान्पिढ्या आपल्यातल्या आपल्यातच लग्नं. मग हळूहळू रक्तच वेगळं होत जातं."

"म्हणजे भावकी वेगळी," हे म्हणाले.

"बरोब्बर! खोराटे, मी तासभर भाषण करते ते तुम्ही दोन शब्दांत सांगता."

हे चक्क लाजले! माझ्या तव्यावरची भाकरी करपली, मी करपू दिली.

"पण वरनं दिसत नाही तर कळतं कसं?" मी विचारलं. मला तिच्याशी बोलायचं नव्हतं, पण तोंडातनं गेलं.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "चांगलं विचारलंत. डासाचा एक पाय पुरतो. तो पाय वाटून..."

"तिला काय कळतंय त्यातलं?" हे मध्येच म्हणाले. "तुम्ही जेवा मॅडम, भाकरी गार होते. मालन, ताक वाढ."

मी ताक वाढलं. वाटीबाहेर सांडलं, आणि मला वाटलं ते त्या बाईवरच्या रागानं सांडलं.

पाच गावं झाली. सहावं पाणसरे, खालच्या तिघांतलं, घाटाच्या पोटात. जीप जात नाही, दोन तासांची उतरण आणि तीन तासांचा चढ. मॅडम म्हणाल्या राहू दे, पाचांवर भागवू. "छे छे मॅडम, मी जाऊन येतो की!" हे म्हणाले. माझं माहेर टेकडीपलीकडं, अर्ध्या तासाची वाट. तिथं जायचं म्हटलं की ह्यांचा गुडघा धरायचा. पाणसऱ्याला मात्र गडी आदल्या दिवशी दुपारीच उतरला, रात्री कुणाच्या तरी पडवीत झोपला, पहाटे चार गोठे फिरला आणि दुसऱ्या दिवशी बाराला चढून वर आला. घामानं नुसता निथळत होता. हातात कागदी कप, वर जाळीचं फडकं, रबरानं आवळलेलं.

"बत्तीस!" हे दारातनंच ओरडले. मला नव्हे, तिला.

"खोराटे, सोनं आणलंत हो!" मॅडमनी कप दोन्ही हातांनी घेतला. डासांच्या पोटातलं रक्त जिरायला हवं म्हणून ते एक दिवस जिवंत ठेवायचे आणि सकाळी स्पिरिटात घालायचे. साखरपाण्याचा कापूस जाळीवर ठेवून कप सोप्यातल्या फळीवर गेला. मग कळलं, स्पिरिट संपलंय. दोघं जीपनं तालुक्याला निघाली. ती एकटीही गेली असती. पण हे म्हणाले, "मॅडम एकट्या कशा जातील?" मी अठरा वर्षं आठवडी बाजाराला एकटीच जात होते.

जाताना मला म्हणाले, "कपाला हात लावू नकोस. सरकारी आहे."

जीपचा आवाज लांब गेला. मी फळीपुढं उभी राहिले. कपावर ह्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, पाणसरे, बत्तीस. किती जपून लिहिलं होतं! पोराच्या शाळेच्या दाखल्यावरसुद्धा इतकं वळणदार लिहिलं नव्हतं. मी रबर काढलं, जाळी काढली आणि कप परड्यात उपडा करून झटकला. घ्या तुमचं सोनं!

डास गेले. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मी तिथल्या दगडावर बसून रडले.

रडून झाल्यावर भान आलं. हे काय केलंस मालन? संध्याकाळी दोघं येणार आणि रिकामा कप बघणार. वीस वर्षांच्या नोकरीत ह्यांच्यावर कधी बोट उठलं नव्हतं. आणि मी काय सांगणार होते? मांजरानं जाळी फाडली? घरात मांजरही नव्हतं.

आता एक गोष्ट सांगते जी तोवर कुणालाच माहीत नव्हती. मला डास धरता यायचे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासनं. हे दुपारी झोपले की त्यांची नळी मी गुपचूप गोठ्यात न्यायची. पहिल्यांदा चार मेले, पाचवा जिवंत आला. पुढं पुढं टॉर्चही लागेना. मलेरियाचा डास बाकीच्यांसारखा भिंतीला समांतर बसत नाही, डोकं खाली आणि बूड वर करून बसतो, काटा टोचल्यासारखा. नराच्या मिशा झुपकेदार असतात, तो सोडायचा. मी धरायची, काचेतनं बघायची, सोडून द्यायची आणि नळी पुसून खुंटीला अडकवायची. का, ते विचारू नका. दुसऱ्या बायका दुपारी भरतकाम करतात, मी हे करत होते.

कप उचलला आणि गोठ्यात गेले. ह्यांची जुनी नळी खुंटीला होतीच. दुपारी डास अंधाऱ्या कोपऱ्यात जातात. दावणीखाली, वैरणीच्या मागं, जुन्या घोंगड्याच्या घडीत. तासभर लागला, थोडं जास्तच. बत्तीस भरले. एकही नर नाही, एकाचाही पाय मोडला नाही. जाळी घातली, रबर आवळलं, कापूस जागच्या जागी ठेवला. डास तो डास, वरचा काय नि खालचा काय! मॅडमची भावकीची गोष्ट मला तेव्हा पुण्याच्या लोकांचं खूळ वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सूक्ष्मदर्शकातनं एकेक तपासला आणि म्हणाल्या, "खोराटे, कमाल केलीत. एकही चुकीचा नाही." हे छाती काढून हसले. मी चुलीपुढं बसून मान खाली घातली.

मॅडम गेल्या. दाढी परत दोन दिवसांआड झाली. मला वाटलं, सुटले.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. दुपारी चार वाजता जीप दारात आली. मॅडम होत्या, आणि बरोबर ह्यांचे जिल्ह्याचे साहेब. हे शर्टाची बटणं लावत धावले. मी चहा टाकला.

साहेब बसलेच नाहीत. "खोराटे, पाणसऱ्याला गेला होतात?"

"व्हय साहेब."

"खोटं बोलू नका."

"साहेब, आईची शपथ! गोठा-गोठा फिरलोय."

मॅडमचा आवाज पडलेला होता. "खोराटे, वरच्या तीन गावांचे डास एका कुळाचे निघाले आणि खालच्या दोन गावांचे दुसऱ्या. अगदी स्वच्छ. फक्त पाणसऱ्याचे बत्तीसच्या बत्तीस वरच्या कुळाचे आले. मी तीनदा करून बघितलं. शेवटी तुमच्या गोठ्यात आपण धरले होते ना, त्यांच्याशी लावून बघितलं. त्यातले काही तर सख्ख्या बहिणी आहेत."

"म्हणजे काय मॅडम?"

"म्हणजे तुम्ही खाली गेला असाल नाहीतर नसाल," साहेब म्हणाले, "हात हलवत आलात आणि घरचे भरलेत. वीस वर्षं झाली आणि एवढीही लाज नाही? उद्याच निलंबनाचा कागद काढतो."

"मी अहवाल थांबवला म्हणून बरं," मॅडम म्हणाल्या. "त्याच्यावर पाणसऱ्याला कुठलं औषध फवारायचं ते ठरणार होतं. तुमचे डास खरे मानले असते तर तिथल्या डासांना न मारणारं औषध गेलं असतं. तिथं लहान पोरं आहेत, खोराटे."

ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही, खरं बोलून पटवताही येत नाही. मी चहाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी. इकडं आड, तिकडं विहीर. गप्प बसले तर नोकरी जाते. बोलले तर तिच्यापुढं, तिच्याच तोंडावर, माझं जळणं उघडं पडतं.

ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, "ते डास मी भरले."

"मालन, आत जा," हे म्हणाले.

"पाणसऱ्याचे मी सोडून दिले. परड्यात. हे आणि मॅडम तालुक्याला गेले तेव्हा. मग भ्याले आणि गोठ्यातले भरले. ह्यांना काही ठाऊक नाही."

"पण का सोडलेत?" साहेबांनी विचारलं.

मी मॅडमकडं बघितलं. "मला ह्या बाईचा मत्सर वाटत होता म्हणून," म्हणाले. मॅडम लाल झाल्या. साहेब छताकडं बघायला लागले.

आणि मग आमचे हे काय बोलले असतील? वाटलं, म्हणतील, बघा साहेब, मी निर्दोष आहे. पण नाही. हे म्हणाले, "साहेब, हिचं ऐकू नका. मला वाचवायला बोलतीया. हिला नळी धरायची कुठली माहीत? बत्तीसच्या बत्तीस माद्या, एकाच जातीच्या, ते हिला जमायचं? मलाच मुश्किलीनं जमतं."

"मग तुम्हीच भरलेत म्हणा!" साहेब ओरडले.

ह्यांना ते कळलंच नाही. म्हणाले, "ते मला ठाऊक नाही साहेब. पर हिनं नाही."

नोकरी गेली तरी चालेल, पण बायकोनं धरले नाहीत!

मॅडम उठल्या. बॅगेतनं नळी काढून माझ्यापुढं धरली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? चला वहिनी."

मी पदर खोचला. गोठ्यात सगळी माझ्या मागनं आली. मॅडमनी टॉर्च पुढं केली, मी नको म्हणाले. दावणीखाली वाकले. एक. घोंगडं उचललं. दोन, तीन, चार. म्हैस रवंथ करत होती. कितीतरी वर्षं हे मी चोरून केलं होतं. आज चार डोळे, सहा डोळे बघत होते आणि माझा हात एकदाही हलला नाही. मला इतकं छान वाटत होतं की नवऱ्याची नोकरी टांगणीला लागलीय हेही क्षणभर विसरले.

दहा मिनिटांनी मॅडमनी काच उजेडात धरली. फिरवून फिरवून बघितली. "चौदा. चौदाही माद्या. चौदाही त्याच जातीच्या," त्या म्हणाल्या. मग साहेबांना म्हणाल्या, "तुमच्या जिल्ह्यात इतका स्वच्छ हात दुसरा कुणाचा आहे का हो?"

साहेबांनी ह्यांना निष्काळजीपणाचा एक मेमो दिला आणि निलंबनाचा विचार सोडला. पाणसऱ्याचे डास नव्यानं आणायचे ठरलं. निघताना मॅडम जीपपाशी थांबल्या. मला वाटलं आता खडे बोल सुनावणार. त्यांनी विचारलं, "मालनताई, सोमवारी मी पाणसऱ्याला उतरतेय. याल माझ्याबरोबर? पुढची गावंही आहेत, वर्षभराचं काम आहे."

वहिनी म्हणायच्या, त्या दिवशी पहिल्यांदा नावानं बोलल्या. मी होय म्हणाले. ह्यांना विचारलंसुद्धा नाही.

जीप गेली. हे पायरीवर बसले होते. शिव्या येतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांना हक्कच होता, माझ्यापायी नोकरी जात होती त्यांची.

"किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"बत्तीस धरायला."

"तासभर. थोडं जास्तच."

"मला पाणसऱ्यात तीन तास लागले. चार गोठे पालथे घातले."

"परकं गाव होतं," मी म्हणाले.

"कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हाला बघून शिकले."

"मला बघून इतकं येत नाही," ते म्हणाले. आणि मग, "मालन, तू सोमवारी जाऊ नकोस."

"का? लोक बोलतील?"

"लोकांचं मरू दे गं. एकदा तू गेलीस, की ती मला परत न्यायची नाही."

हे वाक्य त्यांनी श्रावणात म्हटलं असतं तर मी घर पेटवलं असतं. आता माझ्या समोर माझा नवरा परक्या बाईसाठी डोळ्यांत पाणी आणून बसला होता, आणि मला काहीच झालं नाही. मनात आलं ते एवढंच, तुम्हाला नाही तर नाही, मला नेणार आहे ना! तेव्हा कुठं मला उमगलं की त्या आठ दिवसांत मी त्या बाईपायी जळत नव्हते. पहाटे नळी घेऊन उजळ माथ्यानं घरातनं निघणाऱ्या ह्या माणसावर मी अठरा वर्षं जळत होते.

"मी जाणार," मी म्हणाले, आणि भाकऱ्या करायला आत गेले.

सोमवारी पाचला जीप आली. हे जागे होते, पण भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मी दार ओढून घेतलं आणि गेले. पाणसऱ्यात चाळीस मिळाले, आणि ते खालच्या कुळाचे निघाले.

पुढं अकरा वर्षं मी ते काम केलं. सात जिल्ह्यांतले गोठे पाहिले. घरी आले की हे चहा करून द्यायचे, गुडघे चेपून द्यायचे, माणूस वाईट नव्हता. पण आज किती मिळाले, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.